गच्चीवरून हाक

रविवारच्या आत मुंबईला पोचायचं होतं, आणि घरात अजून कोण जाणार यावरच भांडण. भांडण म्हणजे मीच भांडत होते. सून मैना हळूच विचारत होती, आणि तिच्या हळू बोलण्यानं माझं डोकं आणखी फिरत होतं.

माझा केरू मुंबईत पंचवीस मजल्यांच्या इमारतीवर काँक्रीटच्या पाट्या वाहायचा. मे महिन्यात अगदी वरच्या गच्चीवरून पडला. आम्ही डोंगरावरच्या आमच्या कुडपण गावातनं उतरून पोलादपूरला एसटी धरेपर्यंत तिकडं सगळं उरकलेलं. दहाव्याला कावळा शिवला नाय. शिवेल कसा? आमच्या घराण्यात कड्यावरून पडलेल्या माणसाला त्याच जागी जाऊन, नाव घेऊन तीन हाका माराव्या लागतात. तिथला दगड पदरात घ्यावा लागतो. तेव्हा तो माघारी येतो, घरच्या देवात बसतो. नाय तर तिथंच घुटमळत राहतो. माझा पोरगा त्या सिमेंटवर घुटमळत होता.

शेजारच्या कापडे गावच्या मुरारीनं वाट काढली. तो त्याच इमारतीत लिफ्ट चालवायला लागला होता. त्यानं निरोप धाडला, की गच्चीवरून सगळी मुंबई दिसते, समुद्रातल्या बोटी दिसतात, साहेबलोक बघायला येतात. पण आपल्याला रविवारी सकाळीच, झाडूवाली म्हणून एकच बाई वर नेता येईल. सोमवारी मालक लोक राहायला येणार, मग गच्चीला कुलूप. आणि दगड काय तिथं मिळायचा नाय. माझे धाकटे दीर कोंडाजी म्हणाले, सिमेंटचा टवका घेऊ, देव काय परीक्षा घेत नाय.

एकच बाई, म्हणजे मी. मैनेनं दोनदा विचारलं, मी जाऊ का. दुसऱ्यांदा मी तिच्यावर खेकसलेच.

"तू जाऊन काय करशील गो? नाव घेता येतंय तुला?"

येत नव्हतंच. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाय, तो गेला तरी. ही तर केर काढला असंसुद्धा म्हणायची नाय, झाडलं म्हणायची. ती मान खाली घालून गोठ्यात गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी सकाळी निघायचं ठरलं. गुरुवारी दुपारी कोंडाजी भावजी म्हणाले, वहिनी, एकदा कड्यावर जाऊन आवाज लावून बघा. मला हसू आलं. ह्याच कड्यावर उभी राहून मी केरूला पंधरा वर्षं हाका मारल्या होत्या. तो खाली गुरं घेऊन असायचा, ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि तिसऱ्या हाकेनंतर सावकाश ओ द्यायचा. भामटा कुठला.

कड्यावर गेले. मागं भावजी, त्यांच्या मागं मैना. पदर खोचला, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं.

आवाज आला नाय. पुन्हा केलं. 'के' निघालं आणि तिथंच ठसका लागला. मे महिन्यापासून मी त्याचं नाव मोठ्यानं घेतलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्यांदा नुसता वारा गेला. रविवारी त्या उंचीवर हेच झालं, तर पोरगा कायमचा तिथंच राहणार. भावजी दुसरीकडं बघत होते. जन्मात पहिल्यांदा मला त्या कड्याची भीती वाटली.

मैना पुढं आली. डोक्यावरचा पदर तिनं आणखी ओढून घेतला.

"केरू!"

दरीच्या पलीकडून नाव परत आलं. ती थांबली नाय. दुसरी हाक मारली, तिसरी मारली. रडत होती, पण आवाज कापला नाय.

मला राग आला, खरं सांगते. पोटच्या पोराचं नाव माझ्या तोंडून निघेना आणि हिच्या तोंडून निघालं. मग मी मटकन खाली बसले. एवढं नाव तिनं लग्नापासून पाच वर्षं तोंडात धरून ठेवलेलं. माझं एकटीचंच गेलंय असं मी समजत होते.

घरी येऊन माझ्या गाठोड्यातला नारळ काढला आणि तिच्या गाठोड्यात बांधला. झाडूही तिच्याच हातात दिला.

"तिसऱ्या हाकेनंतर लगेच निघू नको," म्हटलं. "त्याला ओ द्यायला वेळ लागतो."