दिवस मावळायच्या आत अमेरिका

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे आणि मला एका जागी गप्प बसवत नाही. कोल्हापूरच्या शाहूपुरीत उदयसिंहचं विमान तिकिटांचं ऑफिस आहे, तिथे माझा मुक्काम. त्याच्या वडिलांनी मला हौसेने आणलं. माझ्यावर कोल्हापूर छापलेलंच नव्हतं! मग त्यांनी बॉलपेनने ठिपका दिला, तोही असला ढब्बू की सांगली त्यातच गेली. तेव्हा येईल तो मला गरगर फिरवायचा. पुढे संगणक आला, भिंतीवर नकाशा लागला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. न फिरता नुसतं धूळ खात बसायचं! जीव कासावीस व्हायचा.

गेल्या जूनमध्ये विजयमालाकाकू मुलाला, अनेकांतला घेऊन आल्या. त्यांची लेक दीपा सॅन फ्रान्सिस्कोत; पहिलं बाळंतपण, हाताशी कोणी नाही. पण काकू पडल्या जैन. दिवस मावळला की अन्न नाही, पाणी नाही. त्यात शुगर. डॉक्टरांनी फार वेळ उपाशी राहू नका म्हणून बजावलेलं.

"मुंबईपासनं साडेतेरा हजार किलोमीटर," उदयसिंह म्हणाला. "सकाळी बसायचं, सोळा-सतरा तास."

"म्हंजे मधी रात हायच की! गोळ्या कशा घेऊ?"

"आई, विमानात कोण बघतंय?" अनेकांत वैतागला.

"कोण बघतंय म्हणून पाळत न्हाय मी!" काकूंचे डोळे भरले. "सांग दीपाला, आई येत न्हाय."

अनेकांत नकाशावर बोटाने आडवी रेघ ओढत बसला; अरबस्तान, आफ्रिका, मग समुद्रच समुद्र. मी वर नुसता तडफडत होतो. अरे, मला खाली काढा की!

"तसं जात न्हाय विमान. थांबा काकू," म्हणत उदयसिंहने एकदाचं मला उतरवलं आणि बाहीनेच पुसलं. मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणला, तर तो सरळ माझ्या डोक्यावरून गेला! मग शटर ओढून त्याने मोबाईलचा टॉर्च लावला; तो झाला सूर्य.

"जूनमधी ह्याचं टाळकं सूर्याकडं कललेलं असतंय. आता बघा."

एका हाताने मला हळूहळू फिरवत त्याने दुसऱ्या हाताचं बोट दोऱ्यावरून सरकवलं. मुंबईत सकाळ. वर उत्तर ध्रुवापाशी उजेड. पलीकडे उतरलं तरी उजेडच.

"कुठं मावळला, काकू?"

"न्हाय मावळला की रं!" काकू वाकून बघत होत्या. "परत फिरव."

त्याने परत फिरवलं. आणखी एकदा फिरवलं. काय सांगू, इतक्या वर्षांनी अंगात वारं भरलं!

"काढ तिकीट," काकू म्हणाल्या. "पण सकाळचंच. रातीचं दिलंस तर बघ!"

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत माझं एखादं भावंड कपाटावर पडलं असेल, तर त्याला खाली काढा, पुसा, फिरवा. भिंतीवरच्या सपाट नकाशात ना माझं कललेलं टाळकं दिसतं, ना तो उजेड; त्याच्याच भरवशावर काकू राहिल्या असत्या, तर तिकडे त्यांची लेक आईशिवाय बाळंत झाली असती.