पट्टी बांधेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. मार खाणं हा माझा आयुष्यभराचा धंदा. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या एका कारागिराने मला उरलेल्या काळ्या रेक्झिनपासून शिवलं, पोटात चिंध्या ठासून भरल्या आणि गल्लीच्या टोकाच्या व्यायामशाळेत साखळीने टांगलं. पहिला ठोसाही त्यानेच मारला. माझ्या बापाचा हात भारी आहे, हे मला त्याच दिवशी कळलं.

व्यायामशाळा चालवणाऱ्या बाई एके काळी स्वतः रिंगणात उतरायच्या. त्यांचं नाक अजून वाकडं आहे. त्यांचा एक कडक नियम होता: हाताला पट्टी बांधल्याशिवाय मला मारायचं नाही. लांबलचक कापडाचे वेढे मनगटाला, अंगठ्याला, बोटांमधून घ्यायचे. एक वेढा चुकला की त्या सगळी पट्टी सोडायला लावत.

नवं वर्ष लागलं की माझे हाल कुत्रं खात नाही. महिन्याभरात पोट सपाट करायला निघालेले वीर येतात, मला बदाबदा बडवतात आणि आठवड्यात गायब होतात. एका वर्षी मला शिवणारा तो सीटवालाही आला. छाती काढून सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, संकल्प केलाय. या वर्षी राग कायमचा बंद!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. याने बायकोचा हात पिरगाळून मोडला होता, हे त्यांना ठाऊक होतं. बायको लेकीला घेऊन बहिणीकडे राहत होती. पोरीला भेटायचं तर रविवारी, इथे, बाईंच्या डोळ्यांसमोर, अशी तिची अट होती.

पहिल्याच रविवारी पोरगी माझ्याभोवती गिरक्या घेत होती. तिचा पाय लागून बाटली कलंडली आणि बापाच्या नव्या बुटांवर पाणी सांडलं.

"डोळे फुटले का गं?" तो ओरडला. पट्टी न बांधलेली मूठ तिच्या कानाजवळून सणसणत आली आणि माझ्यात घुसली. माझी शिवण टराटरा उसवली. चिंध्या पोरीच्या अंगावर पडल्या, त्याच्या बोटांचं रक्त माझ्या रेक्झिनवर ओघळलं. पोरीने दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, सवयीने येत होतं.

"हाच का तुझा 'राग कायमचा बंद'?" लेकीला घेऊन आलेली बायको दारातून म्हणाली आणि लेकीला उचलून निघून गेली.

तो खाली बसला. बाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कायमचा राग सोडायला निघालाय! बुटावर पाणी पडलं तरी सोसत नाही तुला. वर्षाच्या गप्पा नकोत. राग आला की पट्टी बांधायची. दोन्ही हातांना, नीट. राग गेला नाही तरी चालेल."

"एवढंच? लोक हसतील, बाई."

"हसू देत. एवढं तरी जमतंय का बघ."

तो जाड सुई घेऊन आला आणि मला शिवून गेला. पट्टी आता त्याच्या खिशातच असायची. कधी दुकानातून, गिऱ्हाइकाशी हमरीतुमरी करून, तो लालबुंद चेहऱ्याने यायचा. बांधायचा, चुकायचा, शिव्या देत सोडायचा, पुन्हा बांधायचा. एकदा मात्र पट्टी भिरकावून त्याने माझ्याऐवजी भिंतीलाच गुद्दे घातले. बाईंनी त्याच्या फुटलेल्या बोटांना औषध लावलं आणि पट्टी पुन्हा हातात दिली.

पोरगी परत आली तेव्हा उन्हाळा लागला होता. आई दाराशीच थांबली. पोरगी बापापासून लांब उभी राहिली आणि म्हणाली, "तू घाणेरडा आहेस. आईचा हात तू मोडलास."

त्याच्या मानेची शीर तटतटली. ती शीर मी ओळखते. साखळीवर टांगलेल्या बॅगेला पळता येत नाही, नाहीतर मी पळाले असते. त्याने खिशात हात घातला, पट्टी काढली आणि बांधायला लागला. एक वेढा चुकला, त्याने सगळी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"आता कुणाला मारणार?" पोरीने विचारलं.

"कुणालाच नाही. नुसती बांधतोय." मग मान खाली घालून म्हणाला, "हो. हात मीच मोडला."

पोरगी माझ्याकडे वळली. बाईंनी तिच्या चिमुकल्या हातांना पट्टी बांधून दिली. मग तिने मला मारलं. रडत मारलं, दातओठ खाऊन मारलं. "डोळे फुटले का गं? डोळे फुटले का?" असं ओरडत मारलं. आयुष्यात इतका मार खाल्ला, पण असं कधी दुखलं नव्हतं. बाप बांधलेल्या हातांनी उभा राहून सगळं ऐकत होता.

ती दमली. आईचा हात धरून निघाली. दारात थांबून म्हणाली, "पुढच्या रविवारी येईन. त्याच्या पुढचं माहीत नाही."

"चालेल," तो म्हणाला.

मित्रांनो, मला बडवायला जरूर या, पण हात बांधून या आणि जाताना माझा घाम पुसा. नव्या वर्षी टाळ्यांसाठी मोठमोठे संकल्प करू नका. तुमची मूठ चुकली, तर दर वेळी मध्ये मीच असेन असं नाही.