दोनच पायडलं

सारजाला आज दोन पिकअपपैकी एक निवडायची होती. सकाळपासून तिला इतकं हसू येत होतं की चहासुद्धा धड घशाखाली उतरला नव्हता.

वालचंदनगरच्या अलीकडे, जुन्या गाड्या विकणाऱ्या हिंदुरावांच्या आवारात दोन्ही डिझेल गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. परदेशी इंजिनिअर काम संपवून गेले आणि जाताना गाड्या विकून गेले. पांढरी गिअरची, निळी ऑटोमॅटिक. सत्त्याण्णव साली असली बिनक्लचची गाडी सारजाच्या गावात, कळंबात, कुणी पाहिलेली नव्हती.

सारजा पूर्वी ट्रॅक्टर चालवायची, तिच्याकडे परवानाही होता. पण तीन वर्षांपूर्वी घरच्याच एडक्याने अशी धडक मारली की डावा गुडघा वाकेनासा झाला. क्लच दाबायचा पाय तोच! तेव्हापासून तिची वांगी बारामतीच्या मार्केट यार्डात जायची ती धाकट्या दिराच्या, सिद्धूच्या मर्जीने. आणि सिद्धूला वाटेतली एकही चहाची टपरी ओलांडवत नसे.

“वैनी, गेर न्हाय ती गाडी न्हवं, पाळणा हाय पाळणा!” सिद्धू म्हणाला आणि ऐटीत निळीत बसला.

गाडी निघाली. सवयीप्रमाणे सिद्धूचा डावा पाय क्लच शोधायला गेला. तिथे होता रुंद ब्रेक. त्याने तो सगळा जीव लावून दाबला. गाडी जागच्या जागी थिजली, सिद्धूचं नाक काचेला टेकलं आणि टोपी स्टिअरिंगपलीकडे जाऊन पडली.

“भावजी, पाळण्यातनं पडलासा व्हय?” सारजाने विचारलं. हिंदुराव पोट धरून खाली बसले.

मग सारजा बसली. डावा पाय तिने सरळ बाजूला पसरून ठेवला. उजव्याने ब्रेक हळूच सोडला, तर गाडी आपली आपण चालू लागली! सारजाला वाटलं, ही तर मेंढरांचीच रीत. कळपाला ढकलावं लागत नाही, फक्त थांबवता आलं पाहिजे. “हुर्र्र!” करत तिने आवाराला सात फेऱ्या मारल्या. शेवटच्या तीन तर उगीचच.

सिद्धू मात्र हार मानेना. बंद गाडीत बसून त्याने दिवे, टेप, हॉर्न सगळं इतका वेळ तपासलं की जुनी बॅटरी उतरली. निळी मुकी झाली.

“ढकला!” तो ओरडला. रस्त्यावरची आठ माणसं आली. तीनदा ढकललं. माणसांना धाप लागली, इंजिनाला नाही.

“अरं, पांढरीत क्लच सोडला की चाकं इंजिनाला फिरवत्यात,” हिंदुरावांनी समजावलं. “हितं आत पकड धरायला तेलाचा दाब लागतो. इंजिनच बंद, तर दाब कुठला? इंदापूरपतुर ढकला, चालू व्हायची न्हाय.”

“आता बोला, वैनी!” सिद्धू नाचायलाच लागला. त्याने पांढरीची बॅटरी मुद्दाम सोडवली, माणसांकडून तिला दहा पावलं ढकलून घेतलं, क्लच सोडला. पांढरी धूर ओकत सुरू झाली. “अडचणीत कामाला येती ती ही!”

क्षणभर सारजाला खरंच वाटलं, वांगी पुन्हा सिद्धूच्याच मर्जीने जाणार. मग तिने सोडवलेल्या बॅटरीकडे पाहिलं.

“हिंदुराव, पांढरीची बॅटरी बरी हाय?”

“नवीकोरी हाय.”

“मग ती निळीत बसवा. पांढरीला काय, बिनबॅटरीची बी चालू हुती. भावजींनीच दाखवलं की!”

आठही माणसांनी टाळ्या पिटल्या. हिंदुरावांनी हसत पाना उचलला.

थोड्याच वेळात निळी फाटकाबाहेर पडली. शेजारी सिद्धू टोपी घट्ट धरून बसला होता. कळंबचा फाटा आला आणि गेला.

“वैनी, घर मागं ऱ्हायलं!”

“ऱ्हाऊ दे,” सारजा म्हणाली. “बारामतीला निघालोय.”

“तितं आज काय काम हाय?”

“काय बी न्हाय!” असं म्हणून सारजाने गाडीचा वेग आणखी वाढवला.