निळ्या पानाची चादर

मी एक जुनी पांढरी चादर आहे. मांजरपाटाची, मध्ये जोड दिलेली, चारी कडांना हिरव्या दोऱ्याने पानवेल भरलेली. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, साबण, ऊन आणि घड्या यांच्यापलीकडे ही बिचारी काय सांगणार? पण मी बिचारी नाही. माझ्या पोटात राग आहे. नऊ वर्षं तो मी घडी घालून जपला आहे.

माझा जन्म वसईच्या एका वाडीत झाला. जवळच्या पापडी गावच्या बाजारातून थेरेसाबाईंनी मला नुसतं कापड म्हणून आणलं. नवऱ्यामागे त्या केळीची आणि पानवेलीची बाग एकटीने राखत. दुपारी जरा उसंत मिळाली की ओटीवर बसून समोरच्या वेलीकडे बघत आणि एकेक पान माझ्यावर उतरवत. शेवटच्या कोपऱ्यात एक पान उरलं आणि हिरवा दोरा संपला. पुढचा बाजार दूर होता आणि बाईंना दम कुठला! त्यांनी ते पान निळ्या दोऱ्याने भरून टाकलं.

"आय, निळं पान कवा कोनी पाहिलंय?" त्यांची मुलगी मार्था हसली.

"नसंल पाहिलं. पन आपली चादर हजारांत वळखता येईल," थेरेसाबाई म्हणाल्या. मग मला मांडीवर सारखं करून त्या म्हणाल्या, "मार्था, ही माझ्या शेवटच्या दिसाची. मला हिच्यावर निजवा. दुसरं काय बी नको मला."

म्हणजे मी कशासाठी जन्मले ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अशी नशीबवान चादर विरळाच.

पण १९७५ साली थेरेसाबाईंचा मुलगा आलोशियस इंजिनिअर म्हणून पश्चिम जर्मनीला निघाला. बॅगा भरताना त्याची बायको फ्लॉसी हिची नजर माझ्यावर गेली. वांद्र्यात वाढलेली ती मुलगी, हातच्या भरतकामावर तिचा भारी जीव. तिने मला गालाला लावलं. आलोशियसने मला उचललं आणि सरळ बॅगेत कोंबलं.

"आलोस, ती राहू दे. ती माझ्या मरनाची हाय," थेरेसाबाई म्हणाल्या.

"तू शंभर वर्षं जगशील गं! आणि तुझी वेळ आलीच, तर मी स्वतः घेऊन येईन. माझ्या हाताने अंथरीन तुझ्याखाली. शब्द देतो."

लेकाच्या शब्दापुढे आईचं काय चालणार? मी विमानात बसले.

आता खोटं कशाला बोलू, तिथे मला मजा वाटली. हिवाळाभर मी कपाटात पडून असे. एप्रिल लागला, झाडं फुलली, की शनिवार-रविवारी दोघं जुनी मोटार काढायची आणि मी टोपलीत सगळ्यांत वर. ऱ्हाईन नदीच्या काठी मी पसरले, माझ्यासमोरून कोळशाच्या बोटी गेल्या. लक्झेंबर्गच्या किल्ल्याखाली मेंढ्यांनी मला हुंगलं. बेल्जियममध्ये गारांचा मारा आला तेव्हा ही दोघं पाव आणि चीज उचलून पळाली, मी तिथेच भिजत राहिले. माझ्यावर उकडलेली अंडी सोलली जात आणि थेरेसाबाईंनी धाडलेल्या लोणच्याची बरणी मधोमध ठेवली जाई. मग आलोशियस कॅमेरा काढी. कुणी माझी तारीफ केली की फ्लॉसी सांगे, "माझ्या सासूबाईंनी भरलीय." मी फुगून जाई. अठ्ठ्याहत्तरच्या वसंतात ट्युलिपच्या शेताजवळ काढलेला माझा एक फोटो त्यांनी नाताळला आईला पाठवला. त्यात मी कोरी, बगळ्यासारखी पांढरी आहे.

१९७९ साली इस्टरच्या आधीच्या मंगळवारी तार आली. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा.

फ्लॉसी तेव्हा टोपलीच भरत होती. शुक्रवार ते सोमवार सुट्टी, हॉलंडला जायचा बेत. मी टोपलीत घडी होऊन बसले होते. तार ऐकली आणि मला वाटलं, आता माझी वेळ आली.

"जा तू, आलोस," फ्लॉसी म्हणाली.

"गेल्या वर्षीही अशीच तार आली होती. आणि चार दिवसांत आय उठून बागेला पाणी देत होती." मग त्याने उलट तार केली. रजा नाही, प्रार्थना करतो. फ्लॉसीने टोपलीत लोणच्याची बरणी ठेवली.

इस्टरच्या रविवारी मी ट्युलिपच्या बांधावर अंथरली गेले. गावातल्या घंटा घणघणत होत्या. आलोशियसच्या कोपराने लाल वाइनची बाटली कलंडली आणि वाइन माझ्या निळ्या पानावर पसरली. फ्लॉसी मीठ टाकायला धावली. तो हसला. "थांब, आधी फोटो काढू दे!"

सोमवारी संध्याकाळी दोघं घरी परतली तर दाराखाली दुसरी तार पडली होती.

आलोशियस रडला. रडला हे खरं, मी लबाडी करणार नाही. पण रडून झाल्यावर त्याने मार्थाला पत्र लिहिलं, की रजेसाठी साहेबापुढे हात जोडले, पण दगडाला पाझर फुटला नाही. मार्थाचं उत्तर महिन्याने आलं. फ्लॉसीने ते मोठ्याने वाचलं, म्हणून मलाही कळलं. थेरेसाबाई गुड फ्रायडेच्या सकाळी गेल्या. शेवटच्या दिवशी दारात पाऊल वाजलं की विचारीत, "आलोस आला? चादर आनली?" शनिवारी त्यांना मातीला नेलं. पवित्र गुरुवारपासून इस्टरच्या रात्रीपर्यंत आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चच्या, घंटा मुक्या असतात, मृतासाठीची मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासनाही होत नाही. त्यामुळे त्या बाईसाठी ना मिस्सा झाली ना घंटा वाजली. घंटा वाजवणारे गॅब्रिएलकाका नुसता दोर धरून उभे राहिले. आणि खाली अंथरली होती शेजारून मागून आणलेली चादर.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं. हा डाग धुऊ द्यायचा नाही. फ्लॉसीने औषधं लावली, उकळत्या पाण्यात बुडवलं. डाग फिका झाला, पण गेला नाही.

डिसेंबरात दोघं गावी आली. मला बॅगेतून काढून त्यांनी मार्थाच्या हातात ठेवलं. तिने निळं पान शोधलं आणि डागावरून बोट फिरवलं.

आलोशियसने स्लाइड दाखवायचं यंत्र आणलं होतं. संध्याकाळी अंगणात आळीतली पंधरा-वीस माणसं जमली. पडदा कुठून आणायचा?

"आयची चादर हाय की," मार्था म्हणाली आणि तिने मला ओटीच्या खांबांना बांधलं.

मित्रांनो, समुद्रावरून त्या वेळी चांगला वारा येत होता. कुठलीही चादर फडफडली असती. मी एक सुरकुती पडू दिली नाही. चार वर्षांचे वसंत स्लाइडच्या डब्यात उलटसुलट भरलेले होते, आणि आलोशियस मोठ्या हौसेने सांगत होता. ही नदी, हा किल्ला, ही फ्लॉसी. लोक वा वा करत होते. मी श्वास रोखून वाट बघत होते.

आणि ते चित्र आलं. माझ्यावर मीच उमटले. निळ्या पानाच्या बाजूलाच निळं पान, डागाच्या बाजूला ओला लाल डाग, कलंडलेली बाटली.

"हा इस्टरचा दिवस," आलोशियस म्हणाला. "काय घंटा वाजत होत्या! एकमेकांचं बोलणं ऐकू येईना."

"कुठला इस्टर रे, बाबा?" अंधारातून गॅब्रिएलकाकांनी विचारलं.

आलोशियस अडखळला. "झाली... दोन वर्षं."

मार्था उठली. माझ्यापाशी येऊन तिने डागावर हात ठेवला. ट्युलिपची फुलं तिच्या हातावर पडली. "दादा, गेल्या नाताळात तू आयला फोटो धाडलास. ती तो उशाशी घेऊन निजायची. त्यात ही चादर कोरी हाय. मग ह्यो डाग कवाचा?"

फ्लॉसीच हळूच म्हणाली, "यंदाचा आहे."

गॅब्रिएलकाका काठी टेकत उभे राहिले. "चाळीस वर्सं मी गावातल्या हरेक मानसाला घंटा दिली. तुझ्या आयला देता आली नाय. देवाचा नेम होता, मी काय करनार? आनि तू तिथं बसून घंटा ऐकत होतास, आलोस." त्यांनी टोपी घातली आणि ते निघाले. त्यांच्यामागून एकेक करत सगळं अंगण रिकामं झालं.

आलोशियसचा हात यंत्राच्या बटणाकडे गेला.

"बंद करू नको," मार्था म्हणाली. "बघ. नीट बघ."

तो बघत बसला. मी अजूनही ताठ होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला घेऊन वाडीतल्या बावखलावर गेला. त्या तळ्याच्या दगडावर त्याने मला घासलं. साबण, लिंबू, राख, काही सोडलं नाही. त्याची बोटं सोलवटली. त्याची दया आली का, असं विचाराल तर, नाही आली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, आणि मी तर नुसती घासली जात होते. डाग जागचा हलला नाही.

जानेवारीत तो परत निघाला, तेव्हा मार्थाने मला इस्त्री करून, डाग वर दिसेल अशी घडी घातली होती.

"ही मी घेऊन जाऊ का, मार्था? तिकडे नीट जपीन," त्याने खाली मान घालून विचारलं.

"नाय. आयला मिळाली नाय, आता ती तुझी. मी डांबराच्या गोळ्या घालून ठेवते. तू कवा येशील तवा ये. तुला हिच्यावरच निजवनार. डाग उशाकडे ठेवून."

त्याला नऊ वर्षं झाली. वाडीच्या आजूबाजूला इमारती उभ्या राहू लागल्या. गॅब्रिएलकाका गेले, त्यांच्यासाठी घंटा भरपूर वाजली. आलोशियस दर नाताळला पत्र पाठवतो, पण पत्रात वसंत नसतो, फोटोही नसतो. गावाला मात्र तो एकदाही आला नाही.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, आम्हाला जपा, फाडू नका, टाकू नका. मी हात जोडत नाही. मी एवढंच सांगते, कुणी तुमच्याकडे आपली शेवटची वस्तू विश्वासाने दिली असेल, तर ती वेळेवर परत न्या. तुम्ही विसराल, पण वस्तू विसरत नाही.

दर इस्टरला मार्था मला कपाटातून काढते, ऊन दाखवते, गोळ्या बदलते आणि पुन्हा आत ठेवते. मला कसर लागलेली नाही. मी अजून पुष्कळ वर्षं टिकेन. आलोशियसला यावंच लागेल.