गेनबांची खुर्ची

अभयने डेन्मार्कहून मागवलेली खुर्ची हडपसरच्या फ्लॅटमध्ये आली, तेव्हा त्याच्या आईने, चंद्रभागाबाईंनी, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "पाय कुठं राहिले हिचे? बोटीतच?"

खुर्ची बुटकीच होती. सागाची, पाठ मागे कललेली, बैठक कागदी दोरीने विणलेली. कंपनीच्या कामासाठी कोपनहेगनला असताना अभयचा तिच्यावर जीव जडला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो तिचं कूळ सांगे: छप्पन सालची, अमक्या कारखान्यातली, तमक्या कारागिराने हाताने घासलेली, आता अशा होत नाहीत. लग्नात नवऱ्यामुलाची इतकी चौकशी झाली नव्हती, असं बाई सुनेला, पूर्वाला, बरोबर ऐकू जाईल इतक्या हळू म्हणत.

इथवर ठीक होतं. पण शनिवारी अभयचे साहेब जेवायला यायचे होते, त्यातला एक डेन्मार्कचाच. बाई त्या दुपारी पाठ टेकून उठल्या, तर हॉलमधली त्यांची जुनी खुर्ची जागेवर नाही. अभयने ती खाली वॉचमनला देऊन टाकली होती. दोन्ही एका खोलीत शोभत नाहीत, म्हणाला. शिवाय तिचे खिळे वर आलेत.

बाई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसल्या, चष्मा लावला आणि लिफ्टने खाली गेल्या.

वॉचमन बापूराव त्या खुर्चीतून ताडकन उठला. बाई गेटकडे तोंड करून खुर्चीत बसल्या, ताठ. तिच्यात दुसरं कसं बसताच येत नसे. सासऱ्यांनी, गेनबांनी, ती केलीच होती तशी. गेनबा भवानी पेठेत हमाली करत. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि फळांच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून त्यांनी खुर्ची केली. गावी नेऊन भर वाटेला, दारापुढे मांडली आणि तिच्यात बसले. गावातला मोठा माणूस आला, थांबला, उठायची वाट बघत राहिला. गेनबा उठले नाहीत. त्यानंतर गिरणीवाल्याने कितीतरी दिवस त्यांचं दळण घेतलं नाही. खुर्ची मात्र तिथंच राहिली. चंद्रभागा तेव्हा नवी सून. दारात उभी राहून सगळं बघत होती.

पाहुण्यांची गाडी यायच्या वेळेला अभय खाली आला आणि आईला बघून जागीच थांबला. वर चल म्हणाला. लोक काय म्हणतील, म्हणाला. शेवटी दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, खोक्याच्या फळ्या आहेत त्या. वरच्या खुर्चीला इतिहास आहे."

"छप्पन सालचाच ना?" बाई म्हणाल्या. "तुझ्या त्या कारागिराला वाटलं, माणसानं आरामात बसावं. चांगलं वाटलं त्याला. तुझ्या आजोबांना नुसतं बसायचं होतं रे. ही गेटावर राहणार असेल, तर मीपण गेटावर. पाहुण्यांना सांग, आमची आई इथं बसते."

तेवढ्यात गाडी आत आली. साहेब उतरले. डेन्मार्कचा गोरा बाईंना वाकून नमस्कार करू लागला, आणि ह्या कोण म्हणून त्याने अभयला विचारलं. अभय आईकडे बघत राहिला. बाईंनी त्याला मदत केली नाही.

"माझी आई," तो इंग्रजीत म्हणाला. मग खुर्चीकडे हात करून, "आणि ही आजोबांची खुर्ची. वर न्यायची आहे."

बाई उठल्या. खुर्ची त्याने एकट्यानेच उचलली, इस्त्रीच्या शर्टावर धूळ घेत. बापूराव पुढे झाला, त्याला बाईंनी हाताने अडवलं.

वर ती पुन्हा आपल्या जागी आली, नव्या खुर्चीच्या समोर. गोरा आपल्या देशाच्या खुर्चीत बसला तो पार खाली गेला, गुडघे वर आले. बाई आपल्या खुर्चीत टेकल्या. त्यांच्याकडे बघायला त्याला मान वर करावी लागत होती.

"हं," बाई अभयला म्हणाल्या, "आता हिचं कूळ सांग त्यांना. खिळ्यांसकट."