राखून ठेवलेली जागा

मी चर्चमधील वेदीसमोरच्या पहिल्या रांगेतील बाक बोलत आहे. माझे करकरणे ऐकून तुम्हांस वाटेल, सांधे सैल झाले असावेत. सांधे शाबूत आहेत. मला किळस आली आहे.

सुताराने मला घडविले, तेव्हा फळ्या धरावयास गवंडी आला आणि पॉलिश चोळावयास शाळेतील बाई आल्या. मला दारातून आत आणताना एकाची बोटे चेंगरली, तरी तो हसत होता. चौघांच्या जागेत सहाजण बसत. ‘सरका हो थोडं’ म्हटले की जागा होत असे. एका चर्चच्या भाविकांचा मिळून धर्मग्राम होतो; तो म्हणजे काय, हे मी त्या दाटीतच शिकलो.

पुढे ठेकेदाराचे कुटुंब माझ्यावर बसू लागले आणि बसता बसता मालक झाले. रविवारच्या उपासनेला, म्हणजे मिस्सेला, लवकर येऊन ठेकेदारीणबाई रुमाल पसरीत. तो रुमाल म्हणजे खरेदीखतच! कुणी हरकत घेतली नाही. भिडेने माणसे किती वाकतात, हे गुडघे टेकण्याच्या फळीइतके कुणास ठाऊक असणार?

गेल्या मिशन रविवारी, म्हणजे धर्मप्रसारासाठी प्रार्थना करण्याच्या रविवारी, एक अनोळखी बाई आली. हातांवर इस्त्रीचे चटके होते. ठेकेदारीणबाईंच्या वृद्ध सासूबाईंनी तिला खुणेने बोलावले, रुमाल उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, “बस गं.”

ती अवघडून टेकली. “नवरा गेल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं इथं,” ती पुटपुटली. “आज म्हटलं, एकदा बघू. नाही जमलं तर पुन्हा यायचं नाही.”

इतक्यात ठेकेदारीणबाई मेणबत्ती लावून परतल्या. “ही जागा आमच्या लेकीची आहे. मागं बघा कुठं मिळते का.”

बाई उठली. मागच्या रांगांनी माना प्रार्थनापुस्तकांत खुपसल्या. एकही जण तसूभर सरकला नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली. लेक तर आलीच नाही. घरी झोपली होती.

फादर प्रवचनात सांगत होते की, ख्रिस्ताची सुवार्ता पृथ्वीच्या टोकापर्यंत न्यावयाची आहे. ठेकेदारीणबाई मान डोलवीत होत्या. पृथ्वीचे टोक राहू द्या. माझे दुसरे टोक हातभर अंतरावर होते, तेवढेही त्यांच्याने ओलांडवले नाही.

“एकमेकांना शांती द्या,” फादर म्हणाले. हात जोडले गेले, ओळखीच्यांनी ओळखीच्यांना शांती वाटली. सासूबाई मागे वळल्या. भिंतीपाशी कुणी नव्हते. त्या काठी टेकीत बाहेर गेल्या व बऱ्याच वेळाने एकट्याच परतल्या.

“मध्येच कुठं गेला होतात?” सुनेने दबक्या आवाजात विचारले.

“शांती द्यायला. घेणारी निघून गेली.”

“जाऊ द्या हो. आपल्यातली नव्हती ती.”

“ती नव्हती, की आपण नाही?” म्हातारी म्हणाली, आणि माझ्यावर न बसता मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली.

तेव्हापासून दर रविवारी ती तेथेच उभी असते, दाराकडे डोळे लावून. ती बाई पुन्हा आलेली नाही.

माझी विनंती एवढीच: मला उचलून दाराबाहेर, रस्त्याकडेला ठेवा. थकलेला कुणीही बसेल. तेवढेही जमत नसेल, तर फोडून चुलीला लावा. निदान कुणाला तरी माझी ऊब मिळेल.