बाद झालेल्यांची रांग

सामना रंगात येतो न येतो तोच संपत बाद झाला. जाफराबादच्या चौघांनी त्याला मध्यरेषेपासून हातभर अंतरावर दाबून धरलं, दम सुटला, शिट्टी वाजली. अंगावरची माती झटकत तो रेषेबाहेर जाऊन बसला आणि बसल्या बसल्या त्याला बरं वाटलं. आता निदान काही वेळ तरी आपल्यामुळे काही बिघडणार नव्हतं. ह्या बरं वाटण्याचीच त्याला लाज वाटत होती.

केदारखेड्याचा हा कबड्डी संघ दुष्काळात घडलेला. सडकेच्या कामावर दिवसभर खडी फोडायची आणि मुकादमाची पाठ वळली की तिथंच रेघा ओढायच्या. ह्या पोरांच्या पकडीतून बैल सुटला नसता. ह्यांना हरवणारा अजून जन्माला यायचाय, असं लोक म्हणत. ह्या हंगामात तो गावोगाव जन्माला येऊ लागला. कुठंही जा, पळसाला पानं तीनच. जिंकत आलेला डाव शेवटी हातचा जाई. आधी पंचाला शिव्या घालून झाल्या, मग मैदान खडबडीत निघालं, मग गणपतीला नारळ झाले, संघातल्या भुजंगानं नवसाची दाढीही वाढवली. आताशा कुणी कुणाला बोलतसुद्धा नसे. परतताना बैलगाडीत सगळे तोंडं फिरवून बसत.

आज राजूरच्या जत्रेतला शेवटचा सामना. हरलो तर संघ मोडायचा, असं तातेराव गुरुजींनी सकाळीच सांगितलं होतं. हा संघ त्यांनीच उभा केलेला. ते रागावले असते तर संपतला सोसलं असतं, पण ते थकून बोलले होते. संघ मोडला तर काय मोडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो स्वतः बौद्धवाड्यातला, तर संघातला बद्रीनाथ पाटलांच्या घरचा. गावात त्यांच्या पाणवठ्याच्या वाटाही वेगळ्या. हातात हात घालून साखळी धरायची ती फक्त ह्या रेघांच्या आत.

बघता बघता भुजंग त्याच्या शेजारी येऊन बसला, त्याच्या पलीकडे कडूबा, मग बाकीचे. आत बद्रीनाथ एकटा उरला. तो चढाईला गेला, कोपऱ्यातल्या गड्याला टाच लावली आणि धापा टाकत परतला. जाफराबादचा गडी बाद झाला, म्हणजे इकडचा एक जिवंत. रांगेत पहिला संपत होता.

तो उठला नाही.

"जाय की," भुजंग पुटपुटला.

"पाय मुरगळला. तू जाय."

"मी न्हाई जात."

"काऊन?"

भुजंग समोरच बघत राहिला. "इथं बसलं की बरं वाटून राह्यलं. मघाशी म्या हात मुद्दाम ढिला सोडला, संपत."

संपतनं दचकून त्याच्याकडे पाहिलं. पलीकडे कडूबा मान खाली घालून माती चिवडू लागला. इतके दिवस संपतला वाटत होतं, ही खोट आपल्या एकट्यातच आहे.

"संपत, ऊठ ना रे! जल्दी!" गुरुजी ओरडले. पंचानंही शिट्टी फुंकली.

संपत उठला. मुरगळल्याचं सोंग घेतलं होतं, म्हणून दोन पावलं लंगडला. मग तेही सोडून दिलं. बद्रीनाथनं मागं न बघताच साखळीसाठी हात पुढं केला. संपतनं तो धरला आणि चमकला. ज्याला सगळी पंचक्रोशी वाघ म्हणायची, त्याचा हात लटलट कापत होता.

"कापून राह्यलास?"

"मंग काय करू?" बद्रीनाथचा आवाज चिरकला. "दर डावाला तुमी समदे जाऊन बसता. मलाच काऊन एकट्याला मागं ठेवता रे?"

संपतनं तो हात घट्ट धरला आणि पाय रोवले. समोरून जाफराबादचा गडी दम घालत मध्यरेषा ओलांडून आत आला.

बाहेर रांगेत भुजंग, पाळी आलेली नसताना, चड्डीची नाडी आवळत उठून उभा राहिला होता.